हद्द कायम मोजणी

शून्य ते दहा यांपैकी एक आकडा तुमच्या वेदनेला द्या, असे मला पहिल्यांदा सांगण्यात आले, तेव्हा मी काही क्षण गप्प बसलो आणि समोरच्या डॉक्टरबाईंना वाटले की मला प्रश्न कळलेला नाही. खरे म्हणजे प्रश्न मला गरजेपेक्षा जास्त कळला होता. मी ३४ वर्षे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढली आहेत. मोजायचे तर एकक लागते, जिथून मोजायचे तो एक पक्का दगड लागतो, आणि आज मी मोजले ते उद्या दुसऱ्या कोणी मोजले तर तेवढेच भरावे लागते, हे तीन नियम माझ्या हाडात मुरलेले आहेत. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. तो काटोलच्या संत्र्याच्या बागेत जेवढा, तेवढाच भिवापूरच्या मिरचीच्या वावरात. माझ्या छातीतल्या दुखण्याला असा कोणता गुंठा लावायचा, आणि बाहेर बाकड्यावर कंबर धरून बसलेल्या बाईंच्या सातशी माझे सात जुळतात की नाही, हे कोणत्या दगडावरून ठरवायचे? शेवटी मी ‘सात’ म्हणालो. त्यामागचा हिशेब एवढाच होता की आठ म्हटले तर रडका ठरेन आणि सहा म्हटले तर औषध हलके मिळेल.

हे दुखणे त्याआधीच्या पोळ्याला सुरू झाले. सणाच्या दोन दिवस आधी, रात्रीच्या जेवणानंतर, पाठीच्या डाव्या बाजूने निघून छातीखाली येणारी एक कळ आली, थांबली आणि पुन्हा आली. वय ६३ आणि बाजू डावी, त्यामुळे मुलाने विचार न करता दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख निघाला, तो स्वच्छ होता, आणि स्नायू लचकला असेल असे सांगून मलम देऊन आम्हाला घरी पाठवण्यात आले. ते मलम माझ्या पत्नीने दोन दिवस इमानेइतबारे चोळले. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिलाच माझ्या पाठीवर पाण्याच्या थेंबांसारखे बारीक फोड दिसले. इतवारीच्या बाजूने ढोलताशांचा आवाज येत होता, कारण त्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत लोक त्या पुतळ्यांना मिरवत नेऊन जाळतात. महालात वाढलेल्या माणसाला ही आरोळी शिकवावी लागत नाही. त्या वर्षी मी खाली उतरलो नाही.

“नागीण आहे जी ही,” माझ्या मोठ्या वहिनी पाठ पाहून म्हणाल्या, “तोंड आन् शेपूट जुळू देऊ नका, भाऊजी.” नागिणीचे तोंड शेपटीला लागले की माणूस जातो, हा समज आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे. ओळखीतले एक गृहस्थ नागीण उतरवतात. ते आले, त्यांनी फोडांच्या दोन्ही टोकांना कावेने रेघा ओढल्या आणि काहीतरी पुटपुटले. सलग दोन दिवस हा कार्यक्रम झाला. कागद आणि नकाशा यांपलीकडे काहीही मानू नका, असे आयुष्यभर शेतकऱ्यांना बजावत आलेला मी उघड्या पाठीने निमूटपणे बसून राहिलो, हे लिहिताना मला आजही संकोच वाटतो. चौथ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी अॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यायला सांगितल्या आणि हळूच जोडले की पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू झाल्या असत्या तर बरे झाले असते.

नागीण हा बाहेरून आलेला नवा आजार नसतो, हे मला तेव्हा कळले. लहानपणी कांजिण्या येतात आणि जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो पाठीच्या कण्याला लागून असलेल्या चेतागुच्छिकांमध्ये, म्हणजे नसांच्या पेशींच्या बारीक गाठींमध्ये, दडून राहतो. मला कांजिण्या सातव्या वर्षी आल्या होत्या. म्हणजे एखाद्या जुन्या दाव्याची फाईल कपाटात पडून राहावी तसा हा विषाणू माझ्या शरीरात ५६ वर्षे पडून होता, आणि वयाबरोबर पहारा ढिला झाल्यावर त्याने एका गुच्छिकेतून डोके वर काढले व त्याच गुच्छिकेच्या नसेवरून कातडीपर्यंत प्रवास केला. त्यामुळे फोड अंगभर न उठता त्या एका नसेच्या पट्ट्यातच उठतात. माझा पट्टा पाठीच्या मणक्यापासून डाव्या बाजूने वळून छातीच्या हाडापर्यंत येत होता, आणि दोन्ही टोकांना, शरीराच्या बरोबर मध्यरेषेवर, असा थांबला होता की जणू तिथे धुरा घातलेला होता. (बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात.) डाव्या नसेची मालकी उजवीकडे चालत नाही, त्यामुळे तोंड आणि शेपूट जुळण्याची जी भीती वहिनींना होती, ती शरीराच्या रचनेतच सहसा निकालात निघालेली असते. कावेच्या रेघा ओढायची गरज नव्हती. रेघा आधीच ओढलेल्या होत्या.

त्या रेघा प्रथम कागदावर उतरवणाऱ्यांमध्ये हेन्री हेड नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता, आणि या गृहस्थाबद्दल वाचल्यावर मला आमच्या खात्यातला कोणी जुना अधिकारी भेटल्यासारखे झाले. त्याने आणि कॅम्पबेल या त्याच्या सहकाऱ्याने नागिणीच्या रुग्णांचे पुरळ टिपून, आणि जे दगावले त्यांच्या चेतागुच्छिका तपासून, कोणत्या गुच्छिकेच्या ताब्यात कातडीचा कोणता पट्टा येतो याचा नकाशा १९०० साली प्रसिद्ध केला. वेदना कशी असते हे रुग्णांना विचारून समाधान होईना, म्हणून १९०३ साली त्याने एका शल्यचिकित्सकाकडून स्वतःच्याच हातातील संवेदी नस कापून घेतली व पुन्हा शिवून घेतली, आणि पुढे चार वर्षांहून अधिक काळ तो केंब्रिजला आपल्या मित्राकडे, रिव्हर्सकडे, जात राहिला. हेड डोळे मिटून बसे आणि रिव्हर्स कापूस, टाचणी, गरम व थंड वस्तू घेऊन त्याच्या हातावर मोजणी करी. संवेदना कुठून कुठे परतली याच्या रेघा दर खेपेला नव्याने आखल्या जात. आपल्याच अंगाचे वावर करून ठेवणाऱ्या या माणसाचा मला हेवा वाटला, आणि पुढे मी त्याची नक्कलही केली. ते ओघाने येईलच.

फोड तीन आठवड्यांत सुकले, खपल्या पडल्या, डाग राहिले. वेदना मात्र गेली नाही. पुरळ उठल्यानंतर तीन महिने उलटूनही जी टिकते तिला डॉक्टर नागिणीनंतरचे चेताशूल म्हणतात, आणि वय जितके जास्त तितकी ती राहण्याची शक्यता जास्त असते. तीन महिन्यांपलीकडची कोणतीही वेदना दीर्घकालीन मानावी, असा वैद्यकाचा संकेत आहे. अशा वेदनेत जखमेचे काम संपलेले असते आणि इशारा देणारी यंत्रणाच बिघडून वाजत राहिलेली असते.

ती कशी असते हे सांगायला दहा आकडे पुरत नाहीत, पण मराठीत शब्द पुरतात. ठणका हाडाचा आणि दाताचा, ठसठस गळवाची, चमक कंबरेची, कळ पोटाची, सल काट्याचा. माझ्या पट्ट्यात सकाळी रवरव असे, दुपारी भगभग, आणि मधूनच कोणी विजेची तार टेकवावी तशी सणक. पण सगळ्यांत नेमका शब्द माझ्या आईचा होता: हुळहुळणे. ताप उतरल्यावर अंगाला हात लावू देववत नाही, तेव्हा ती म्हणे, ‘कातडी हुळहुळली आहे’. ज्या स्पर्शाने दुखू नये त्यानेच दुखणे, याला वैद्यकात वेगळे जड नाव आहे. आमच्या स्वयंपाकघरात ते फार आधीपासून होते. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली केली तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत आणि रुग्णाने आपले शब्द निवडायचे असतात. आकड्याऐवजी मला तशी एक मराठी यादी कोणी पुढे केली असती, तर मी डॉक्टरबाईंचा एवढा वेळ घेतला नसता.

हुळहुळलेल्या कातडीने नागपूरचा उन्हाळा काढणे म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला समजावणे कठीण आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अख्खे शहर दुपारी दारे लावून, खसाच्या ताट्या भिजवून कूलरच्या झोतात पडून राहते. मला तो झोत सोसत नव्हता. ओल्या वाऱ्याची लाट डाव्या कुशीवर आली की वाळूचा कागद घासल्यासारखे होई. कूलर बंद करावा तर घाम येई, आणि घामाने बनियन चिकटले की त्याहून वाईट. घरात मी सदऱ्याचा डावा भाग दोन बोटांनी अंगापासून उचलून धरत असे, आणि ही सवय मला इतकी लागली की बँकेत पासबुक भरून घेतानाही माझा हात तिथेच असे. पाच वर्षांचा नातू धावत येऊन कमरेला मिठी मारायचा, त्याला त्याच्या आईने ‘आबांच्या उजवीकडूनच’ असे शिकवले. मग तो उजवीकडूनही येईनासा झाला. पत्नीने आपली खाट खिडकीकडे सरकवली, कारण तिच्या कुशी बदलण्याने चादर ओढली जाई. मी नाटकाला जाणे सोडले, कारण खुर्च्यांच्या रांगेतून माणसे घासून जातात.

आमच्या कामात याला धुरा कोरणे म्हणतात. लबाड शेजारी एका रात्रीत तुमचे वावर घेत नाही. तो दर हंगामाला नांगराचे एकच तास तुमच्या बाजूला सरकवतो, आणि तुम्ही तक्रार घेऊन येता तेव्हा वीस वर्षे उलटलेली असतात व पाऊण एकर गेलेले असते. माझे दुखणे चार बोटे रुंद पट्ट्याचे होते. पण त्याने आमच्या घरातले किती गुंठे खाल्ले होते, हे आम्हा कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

औषधांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रीगाबालिनने वेदनेची धार बोथट झाली आणि माझीही झाली. झिंग येई, पावले सुजत, शब्दकोडे अर्धवट राही. रात्रीच्या अॅमिट्रिप्टिलिनने झोप दिली आणि तोंडाला कोरड आणली. दोन्ही औषधे या आजारात रास्तच आहेत आणि मी ती आजही कमी मात्रेत घेतो. मौज वाटली ती मलमाची. मिरचीला तिखट करणारा जो पदार्थ, कॅप्सेसिन, त्याचे मलम कातडीवर लावत राहिले की दाह सांगणारी चेतातंतूंची टोके काही काळाने थकून गप्प होतात. हा पदार्थ चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतो तो शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भिवापूरच्या वावरांत मिरचीच्या ढिगांशेजारी बसून मी कितीतरी दुपारी शिंकत नकाशे काढले होते. मलम चार दिवस लावले, पाचव्या दिवशी नळाखाली उभा राहून धुऊन काढले. ज्यांना सोसते त्यांना गुण येतो म्हणतात. आम्ही सावजी खाणारे असूनही मला सोसले नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाने रामदासपेठेत वेदनाचिकित्सकांची वेळ घेतली. या शाखेतले बरेचसे डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञ असतात, हेही मला तिथेच कळले, आणि त्यात तर्क आहे: नस कुठून जाते आणि ती किती वेळ बधिर ठेवता येते, याचा रोजचा सराव त्यांनाच असतो. सात आकडा सांगून झाल्यावर डॉक्टरबाईंनी माझा पट्टा कापसाने तपासला, रक्त पातळ करणारी गोळी घेता का, साखर किती असते, असे विचारले, आणि म्हणाल्या, “काका, आपण ब्लॉक देऊन बघू.” नर्व्ह ब्लॉक म्हणजे नस कापणे किंवा जाळणे, असा माझा समज होता. आपल्या बोलीत ‘नस’ हा शब्दही फार सैल आहे. रक्ताची ती नस, आखडते ती नस आणि संवेदना नेते तीही नस. त्यांनी कागदावर एक बरगडी काढली आणि तिच्या खालच्या कडेला तीन ठिपके दिले: वर शीर, मध्ये धमनी, खाली चेतातंतू. अशा तंतूंच्या १२ जोड्या छातीच्या भागात असतात आणि त्यांतल्या बहुतेक दोन बरगड्यांच्या मधून धावतात. वेदनेचा संदेश पुढे सरकतो तो तंतूच्या आवरणातली बारीक दारे उघडून सोडियम आत शिरतो म्हणून. ब्युपिव्हॅकेनसारखे औषध ती दारे आतून अडवून धरते, आणि औषध ओसरेपर्यंत संदेश थांबतो. नसेला काहीही कापाकापी होत नाही.

“आणि ओसरल्यावर?” मी विचारले.

“ओसरल्यावर काय राहतं, तेच तर बघायचंय.”

हे उत्तर मला आवडले. त्यांनी पुढे जे समजावले ते असे: जागा पूर्ण बधिर झाली आणि वेदनाही थांबली, तर कुरापत त्या नसेतून किंवा तिच्या अलीकडून येत आहे, जागा बधिर होऊनही वेदना तशीच राहिली, तर ती आता कण्यात किंवा मेंदूत मुक्कामाला गेली आहे, आणि मग कुशीत सुया टोचण्यात अर्थ नाही. म्हणजे हा ब्लॉक जितका उपचार होता तितकीच मोजणीही होती. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. माझे पुरळ एका पट्ट्यात असले तरी सुया तीन बरगड्यांखाली द्याव्या लागणार होत्या, कारण शेजारच्या नसांचे ताबे एकमेकांवर चढलेले असतात आणि एकच नस बंद केली तर वरची व खालची तिची बाजू सांभाळून घेतात. जमिनीच्या दोन गटांमध्ये वहिवाटीची सामाईक पट्टी असते, तसे. ते शेतकऱ्यांनाही पटवणे जड जाते.

ब्लॉकच्या दिवशी महालातून निघून आम्ही झिरो माइलवरून गेलो. तिथला दगडी स्तंभ आणि ते चार घोडे मी हजार वेळा पाहिले असतील. ब्रिटिश काळातल्या भारताच्या महासर्वेक्षणाशी नाते सांगणाऱ्या त्या खांबावर गावोगावची अंतरे कोरलेली आहेत, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या साहेबांनी आम्हा नव्या मुलांना मुद्दाम तिथे नेऊन म्हटले होते की आधी शून्य पक्के करा, मग साखळी उचला. भीती वाटत होती म्हणून की काय, ते वाक्य मला त्या दिवशी आठवले.

मला पालथे झोपवले, पाठ थंड द्रावणाने पुसली. त्या पुसण्यानेही सणक गेली. सोनोग्राफीचा पडदा मान वळवून दिसत होता. बरगडी एका पांढऱ्या रेघेसारखी, तिच्याखाली काळी सावली. दोन बरगड्यांच्या मधे आणखी एक चकचकीत रेघ, जी माझ्या श्वासाबरोबर मागेपुढे घसरत होती. ती फुप्फुसाच्या आवरणाची रेघ. “ही आपली लक्ष्मणरेषा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि सुईचे टोक तिच्या काही मिलिमीटर अलीकडे थांबवले. ते आवरण टोचले गेले तर छातीत हवा भरू शकते. असे क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून पुढे दिवसभर धाप लागली तर लगेच या, असे लेखी दिले होते. प्रत्येक बरगडीखाली तीन-चार मिलिलिटर, ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन, सोबत थोडे स्टेरॉइड. मला मधुमेह असल्याने साखर काही दिवस चढेल, ती रोज पाहा, हेही बजावले होते. औषध जाताना त्या माझ्याशी सतत बोलत होत्या: कानात गुंई होतेय का, जिभेवर धातूची चव येतेय का, ओठ जड वाटतात का? ही काळजी उगाच नसते. बरगड्यांमधल्या या जागेत रक्तवाहिन्या दाट असल्याने भुलीचे औषध इथून रक्तात इतर बहुतेक ब्लॉकपेक्षा जास्त भिनते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच शिरेत आधी सुई लावलेली होती आणि उताऱ्याचे स्निग्ध द्रावण कपाटात तयार होते. हा ब्लॉक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात उरकण्याचा विषय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नसेजवळ औषध सोडून तिला गप्प करण्याची युक्ती जुनी आहे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर केला, आणि काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅलस्टेड यांनी तेच कोकेन नसांभोवती टोचून पाहिले. प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले, आणि त्या पायी त्यांना कोकेनचे व्यसन जडले ते कायमचे छळत राहिले. आज माझ्या कुशीत निर्धास्तपणे जे औषध गेले त्याच्या मागे अशी माणसे आहेत. हेडप्रमाणेच यांनीही स्वतःच्याच अंगापासून सुरुवात केली.

वीस मिनिटांनी डॉक्टरबाईंनी कापूस फिरवला. मला तो कळला नाही. टाचणीचे टोक कळले ते फक्त दाबासारखे. मग त्यांनी विचारले, “आता किती?” आणि मला उत्तर सुचेना, कारण आठ महिन्यांत शून्य कसे असते हे मी विसरलो होतो. दीर्घ दुखण्यात माणूस सात सांगतो, पाच सांगतो, पण ते सगळे अंदाज असतात. पायाचा दगडच जागेवर नसतो. तो त्या दुपारी सापडला.

दीडच्या सुमाराला घरी आलो, सदरा काढून खुंटीला लावला आणि कूलरसमोर मांडी घालून बसलो. खसाचा ओला वास घेऊन झोत आला, डावीकडून उजवीकडे गेला, परत आला. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही, तिने फक्त कूलरचा वेग एका आकड्याने वाढवला. पुढचे तास मी काही विशेष केले नाही. आडवा झालो, डाव्या कुशीवर वळलो, तसाच झोपलो. संध्याकाळी नातवाला हाक मारून डाव्या मांडीवर बसवले. तो अंग चोरून बसला, आणि मग हळूहळू सैल झाला. रात्री साडेनऊला पाठीच्या कडेला, पहिली कळ जिथे आली होती त्याच जागी, रवरव सुरू झाली आणि अकरापर्यंत ती पुढे छातीपर्यंत आली. पण आली ती पाचाने. हा पाच मी आता शून्यापासून मोजलेला होता.

दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आणखी दोन ब्लॉक झाले. औषध काही तासांत ओसरते, तर आराम आठवडे कसा टिकतो, याची निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात; सतत येणारी कुरापत काही काळ थांबली की कण्यातल्या तापलेल्या पेशी निवतात, हे त्यांतले एक, आणि स्टेरॉइडचाही वाटा असावा. सर्वांना असा गुण येत नाही. माझ्याबरोबर उपचार घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची जागा दगडासारखी बधिर झाली आणि आतली आग मात्र तशीच राहिली. त्यांच्यासाठी डॉक्टरबाईंनी दुसरा मार्ग धरला. मलाही पुढची पायरी सुचवून ठेवली आहे: सुईच्या टोकातून नसेजवळ रेडिओलहरींचे ठोके देणे, ज्यात उष्णता ४२ अंशांपुढे जाऊ देत नाहीत. ४२ अंश! आम्ही नागपूरकर एवढ्यात एप्रिल काढतो. अजून मी होकार दिलेला नाही. सुरुवातीला नागिणीची लस घेतली असती तर, हा विचारही येतो. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन मात्रांची लस आता आपल्याकडे मिळते, महाग आहे, आणि मोठ्या वहिनींना व दादांना मी ती भांडून घ्यायला लावली.

पहिल्या ब्लॉकच्या आधीपासून मी घरी दर महिन्याला माझ्या पट्ट्याची मोजणी करतो. डॉक्टरबाईंनी वेदनेची रोजनिशी लिहायला सांगितली होती; मला रोजनिशीपेक्षा नकाशा जमतो. पत्नी पट्ट्याच्या खालून, निरोगी कातडीवरून, शिवणाची टेप धरते, ती आमची साखळीरेषा, म्हणजे जिच्यापासून बाकीची अंतरे मोजायची ती पायाची रेघ. मी डोळे मिटून बसतो. ती कापसाचा बोळा बऱ्या कातडीवरून आत सरकवत आणते, आणि जिथे स्पर्शाचे दुखणे होते तिथे मी ‘इथे’ म्हणतो. ती पेनाने ठिपका देते आणि टेपेपासूनचे अंतर वाचते. दर दोन सेंटिमीटरवर एक लंब, वरच्या व खालच्या हद्दीचा. मग ते ठिपके आलेखाच्या कागदावर उतरवायचे आणि चौकोन मोजून क्षेत्र काढायचे. पहिल्या मोजणीत क्षेत्र ३८० चौरस सेंटिमीटर भरले होते, तिसऱ्या ब्लॉकनंतर १७०. डॉक्टरबाईंनी हे कागद आपल्या फाईलला लावून घेतले आणि आता मला आकडा विचारत नाहीत.

हद्द कायम करायच्या मोजणीला लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनधारकांना, नोटीस द्यावी लागते, आणि मोजणी झाल्यावर त्यांचे म्हणणे घ्यावे लागते. सवयीने मी पहिल्याच नकाशाच्या खाली तो रकाना आखला होता. पत्नीने तो पाहिला, “मीच ना लगतधारक?” असे म्हणून सही केली, आणि तेव्हापासून दर महिन्याला ती ‘हरकत नाही’ असे लिहून सही करते. खाट तिने पावसाळ्यात पुन्हा जागेवर सरकवली आहे.

गेल्या महिन्याच्या मोजणीत क्षेत्र ९६ भरले. मी खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे जायचे होते आणि तीन आकड्यांच्या खाली आलेला नकाशा त्यांच्यापुढे ठेवायला मिळणार होता. कागद पत्नीकडे सरकवला. तिने चष्मा लावला, आकृती पाहिली, मागच्या महिन्याची बाजूला धरून पाहिली, आणि रकान्यात सही न करता ‘हरकत आहे’ असे लिहिले.

“रात्री डाव्या कुशीवर वळताना तुम्ही अजून श्वास धरता,” ती म्हणाली. “ते याच्यात कुठे आहे?”

हरकत आली की फेरमोजणी करावी लागते. मी सदरा पुन्हा काढला, तिने टेप धरली, आणि या खेपेला ‘इथे’ म्हणायला मी थांबलो नाही. १४१ भरले. तिने सही केली.